तळ्याचं पाणी आणि तुझा तांब्या

पद्माक्का,

तुला नेऊन अजून आठवडा झाला नाही, तोवर तुझ्या ओसरीवर तुझ्याबद्दल खोटं बोलायला सुरुवात झाली. निपाणीहून तुझ्या नणंदा आल्यात. त्यातली धाकटी पदर डोळ्याला लावून सांगत होती, "आमची वहिनी म्हंजे गरीब गाय. जन्मात कुणाशी वाद घातला न्हाय तिनं." मी दारात उभी होते. तोंडावर आलेलं गिळलं आणि मागच्या दारानं घरी आले. वाद घातला नाहीस होय गं? मग उभा जन्म माझ्या मागल्या उंबऱ्यावर बसून, माझ्या घरचं पाणीसुद्धा न पिता, माझं डोकं कोण खात होतं?

म्हणून लिहायला बसले. लेकाच्या पाटीवर बघून शिकलेलं माझं अक्षर, वेडंवाकडं असंल, पण खोटं नाही.

तळ्याचं पाणी कशानं काळवंडलं, यावर आपलं कधी एकमत झालं नाही. ते एक वेळ राहू दे. पण चावडीवर तुझ्यावर आळ आला, तेव्हा बाबू भोई बोलला की शेजारणीनं डोळ्यानं बघितलंय. आणि तुला शेजारीण मी एकटी. दुसऱ्या अंगाला देऊळ. मी बोलले नव्हते, पद्मा. तू कधी विचारलं नाहीस म्हणून मी कधी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही म्हणून तू काय समजलीस, ते तुझं तुला ठाऊक. मला चहाडखोर समजून गेलीस काय, एवढं एक मला कळायचं राहिलंय. आणि ते आता कुणाला विचारू?

पहिल्यापासून आठवतं मला. तुझे मालक, अण्णा, निपाणीकडून आमच्या या रानातल्या गावात मीठ-गुळाचं दुकान टाकायला आले, तेव्हा तू नवी नवरी आणि मीही काही फार जुनी नव्हते. पहाटे घाटावर गेले तर तू शेवटच्या पायरीवर ओणवी. दोरीला बांधलेला पितळेचा तांब्या अलगद पाण्यात सोडत होतीस, झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तशी. ओठ हलत होते. परकी बाई, तोंडात कानडी, आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यात काहीतरी सोडते. मला संशय यायला तेवढं पुष्कळ. घागर ठेवली आणि सरळ विचारलं,

"काय सोडतीस गं पाण्यात?"

"जिवाणी," म्हणालीस.

"म्हंजे? औषध हाय काय?"

"इल्ला, इल्ला. काल न्हेलेल्या पाण्यात जीव होते. गाळताना कापडात अडकले. त्येंचं घर हे. त्येंला घरी सोडतोय मी."

"कसले जीव? मी रोज पाणी न्हेतोय, मला तर काय दिसत न्हाय."

"तुला दिसायचे न्हाईत. तू पिऊन टाकतीस."

मी तिथंच ठरवलं, ही बाई दिसते तेवढी मऊ नाही.

मग कळलं तुमची रीत. पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय ओठाला लावायचं नाही, आणि कापडात राहिलेले बारीक जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत न्यायचे, तेही वरनं ओतून नाही, खालपर्यंत नेऊन. आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला त्याचं हसू यायचं. बाबू भोयाची सगळी कमाई त्या तळ्यातली. तू रोज पहाटे जीव सोडायचीस आणि तो दिवस उजाडला की जाळं टाकायचा. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

तेव्हाचं पाणी आठवतं का गं? बुडालेल्या पायऱ्या खालपर्यंत दिसायच्या. तळाचं गवत वाऱ्यावर हलावं तसं पाण्यात हलायचं, त्यातनं मासे फिरायचे. आणि वरच्या उतारावर आम्ही बाया उन्हाळ्यात पालापाचोळा गोळा करायला जायचो. ऐनाची, हिरड्याची, जांभळीची पानं. भाताच्या तरव्यावर, रोपाच्या वाफ्यावर, पसरून भाजायची, उरलेली गोठ्यात गुरांच्या अंगाखाली. डोंगर झाडून काढल्यागत स्वच्छ असायचा. तो गावाचा होता म्हणून नाही, आम्हाला पानं लागायची म्हणून.

मग सरकारनं रान राखीव केलं. गार्ड आला, खाकी कपड्यातला, मिशीला तेल लावणारा. एक पानसुद्धा उचलायचं नाही म्हणाला. त्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आणि तू म्हणायचीस, "आक्का, तुझा कुणावर हाय सांग बघू." ते बरोबर होतं. तुझ्यावर होता, पण ते मी तुला कधी म्हणाले नाही. म्हणायला पाहिजे होतं काय?

पानं डोंगरावर साठत गेली. वर्षावर वर्ष, थरावर थर, पाय टाकला की पोटरी बुडायची. पावसाचं पाणी त्यातनं झिरपून तळ्यात यायला लागलं. आधी पाण्याला नुसती झाक आली, फिक्क्या काढ्यासारखी. आणि गंमत बघ, त्या चार-दोन वर्षांत तळं भरभराटलं. बाबूच्या जाळ्यात मासे मावेनात. खालच्या शेतातलं भात काळंशार उठलं. तुझ्या कापडात इतके जीव यायचे की तू मला बोलावून दाखवलंस. परातीत पाणी घेऊन कापड बुडवलंस, आणि पहिल्यांदा मला दिसले ते: पिसवांसारखे उड्या मारणारे, डोळ्याला जेमतेम लागणारे.

"बघ," म्हणालीस, "पानांचं सत्त्व उतरतंय. शेणखतानं शेत खातं-पितं, तसं तळं खातंय."

"मला रंग पसंत न्हाय," मी म्हणाले. "एवढं काळं कायतरी चांगलं कसं असंल?"

"तू काळ्या मातीत भात लावतीस की."

असा आपला वाद सुरू झाला. तुझं म्हणणं रंग म्हणजे अन्न, माझं म्हणणं रंग म्हणजे पडदा. तू माझ्या उंबऱ्यावर, मी चुलीपुढं, मध्ये धूर. तुझी कॉफी तुझ्या घरनं घेऊन यायचीस आणि माझ्या नाकावर टिच्चून पीत बसायचीस.

पुढं रंग दाटत गेला. काढ्याचा कात झाला. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर आपलीच बोटं दिसेनात. आणखी एक मी बघितलं, आणि तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस: वरचं पाणी उन्हानं कोमट आणि जरा खाली पाय गेला की शहारा येण्याइतकं गार. जसं काही दोन तळी एकावर एक ठेवलीत. बाबूचं जाळं खोलातनं वर आलं की सडका वास यायचा. तळाचं गवत कुजून कधी संपलं, कुणालाच कळलं नाही, कारण ते दिसतच नव्हतं. मासे कमी झाले, आले ते डोक्यानं मोठे आणि अंगानं वाळलेले.

आणि तुझ्या कापडात जीव जेमतेम यायला लागले. ते तू कुणाला बोलली नाहीस. तांब्या मात्र रोज नेत राहिलीस.

अशात बाबू चावडीवर बोलला. बायामाणसांना आत जायची सोय नव्हती, आम्ही भिंतीआड उभ्या होतो. तू माझ्या शेजारी होतीस, तुझा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. आत बाबू म्हणत होता, "ही दुकानदारीण रोज पहाटं तळ्यात कायतरी सोडती आन् तोंडातल्या तोंडात पुटपुटती. त्येंच्या धर्मात मासं मारायचं न्हाय. आपून मारू ने म्हणून हिनंच मासं घालवलं."

पाटलांनी विचारलं, "बघितलं कुणी?"

"शेजारणीनं डोळ्यानं बघितलंय म्हणं."

तुझा खांदा बाजूला झाला. एवढंसंच अंतर पडलं, पण मला कळलं.

पाटील अण्णांना म्हणाले, "अण्णा, माणूस म्हणून तुमी चांगलं. पण पाण्याचा मामला हाय. उलगडा करा, न्हायतर दुकान उचला." अण्णा पागोटं मांडीवर घेऊन बसलेले. दुकान उचलायचं म्हणजे कुठं जायचं? निपाणीला भावांनी वाटण्या करून दार लावलेलं.

मला राहवलं नाही. भिंतीआडूनच ओरडले, "पाटील, उद्या पहाटं समदी घाटावर या. ती काय सोडती ते डोळ्यानं बघा. म्हणं-बिणंवर कुणाचं घर उठवू नका." घरी गेल्यावर मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, ते वेगळं.

सकाळी निम्मं गाव घाटावर. तू हातभर परात घेऊन आलीस, त्यात कापड बुडवलंस आणि बाबूपुढं धरलीस. तो वाकला. पुन्हा वाकला. मग म्हणाला, "आयला, हे तर माशाच्या पिलांचं खाणं."

"हां," तू म्हणालीस. "पैला कापड भरून यायचे. आज बघा किती. मीच घालवले असते तर रोज कुणाला घरी सोडतोय मी?"

बाबू मान खाजवत राहिला. "म्हंजे बघा पाटील, ही बाई माशास्नी रोज जेवाय घालती आन् आमी तिला हाकलाय निघालो." लोक हसले. पाटीलही हसले, त्यांना हसणंच सोयीचं होतं. अण्णांचं दुकान राहिलं. त्या गर्दीत वर डोंगराकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं. गार्ड वर झाडाला टेकून आमची मजा बघत होता.

माझा संशय तेव्हापासूनचा आहे, आणि आजही आहे. पहाटे तुला घाटावर रोज बघणारे दोघंच: मी खालनं आणि तो वरनं. बाबूच्या कानात शेजारणीचं नाव घालून द्यायला त्याला काय लागतंय? गाव पाण्याकडं बघत राहिलं तर डोंगराकडं बघणार नाही. पानं उचलू द्या म्हणून कुणी भांडणार नाही. पुरावा माझ्याकडं काही नाही. बाबूला मी मागनं गाठलं होतं, तर म्हणाला, "आता कशाला उकरतीस आक्का, मिटलं न्हवं?" मिटलं म्हणणाऱ्या माणसाला मी कधीच खरा मानत नाही.

तू मात्र त्या दिवसापासून तळ्याच्याच मागं लागलीस. पानं भगुण्यात भिजत घातलीस. दुसऱ्या दिवशी तोच रंग, तळ्याचा. कापडाची चौघडी करून गाळलंस, तरी रंग आरपार. "जीव अडकतात, माती अडकती, रंग अडकत न्हाय," म्हणालीस, आणि त्याचं तुला फार वाईट वाटलं, जसं काही कापडानं तुला दगा दिला. मग माझ्या परड्यात तुझा संसार मांडलास. विहिरीवरच्या डबक्यातनं पाणगवताच्या काड्या आणल्यास. एका रांजणात तळ्याचं पाणी, एका रांजणात पाटलाच्या विहिरीचं नितळ, आणि उथळ परातीत पुन्हा तळ्याचंच. तिन्हीत गवत. कुणी हात लावायचा नाही म्हणून माझ्या नातवंडांना दम दिलास.

परातीतलं गवत असं फोफावलं की बाहेर लोंबायला लागलं. विहिरीच्या पाण्यातलं जेमतेम जगलं. आणि तळ्याच्या पाण्याच्या रांजणातलं पिवळं पडून खाली बसलं. एकच पाणी, पद्मा. उथळ असताना पोसतं आणि खोल असताना मारतं.

तू रांजणात हात घालून ती पिवळी काडी वर काढलीस. "तुझं बी खरं, आक्का. अन्न हाय, पण अंधार बी हाय. ताट वाढलंय, आन् जेवणाऱ्याला उजेडच न्हाय. गवत न्हाय तर ते किडं काय खातील, किडं न्हाईत तर मासं काय खातील."

अर्धं का होईना, माझं खरं ठरलं होतं. मी खूश व्हायला पाहिजे होतं. पण तू इतक्या सहज मान्य केलंस की मला लगेच शंका आली. आधी म्हणाले, तू माझ्या पाठीमागं रांजणातलं पाणी बदललंस. मग म्हणाले, काडीच मुळात अर्धमेली होती. तू नुसती हसलीस. मला खरी भीती वेगळीच होती. चावडीच्या आधी तू असं सहजी ऐकणारी नव्हतीस. ज्याच्याशी मन मोकळं असतं त्याच्याशी माणूस भांडतं. मनात अढी बसली की हो म्हणून मोकळं होतं. तू मला हो म्हणायला लागलीस काय?

त्यानंतरची वर्षं मी तुझं प्रत्येक बोलणं पारखत राहिले. कॉफी घेऊन यायचीस, पण आधीसारखी लवकर यायची नाहीस असं मला वाटायचं. खरंच उशीर करायचीस की मीच दाराकडं जास्त बघत होते? पानांचं गावाला पटलं. गार्डाला सांगून बघितलं, वर बेळगावच्या कचेरीत अण्णा जाऊन आले. तिकडनं उत्तरच आलं नाही. तळं तसंच काळं राहिलं आणि आपण दोघी तशाच, शेजारी-शेजारी, मध्ये न विचारलेली एक गोष्ट.

लढाई लागली आणि गार्डाला लाकडं तोडायच्या कामावर दुसऱ्या रानात नेलं. आमच्या सुना पुन्हा उतारावर पानं आणायला जायला लागल्या, आधी भीत भीत, मग गाणी म्हणत. गोरा साहेब आता जाणार, मग रान गावाला परत मिळणार, असं पोरं बोलतात. माझा काही भरवसा नाही. साहेब जाईल, गार्ड कशावरनं जाईल?

आणि या हिवाळ्यात तू अंथरूण धरलंस. अण्णांना दिसत नाही, सून बाळंतीण. तू मला बोलावणं धाडलंस. भिंतीला टेकून बसली होतीस, कापड मांडीवर. "पाणी तू आण," म्हणालीस. "गाळतो मी. आन् जिवाणी तूच न्हेऊन सोड."

मी म्हणाले, "मी? अगं काल रातीला माझ्या घरात मासं शिजलं."

"हात धुऊन जा," म्हणालीस. "आन् वरनं ओतू नको, वाकायला तरास होतोय म्हणून. खालपतोर दोरी सोड."

तुझा तांब्या घेऊन मी रोज घाटावर जायला लागले. जाताना लोक बघायचे. भोयांच्या आळीतल्या बाया माना वळवायच्या. म्हातारी पहाटेची पाण्यात काय सोडते, ते त्यांच्या डोळ्यांत मला वाचता यायचं. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, हे बोलू की नको, पण आता कशाला लपवू: तू मला मुद्दाम पाठवलंस काय गं? एकदा माझ्या जागी उभी राहून बघ, असं? रोज मी ठरवायचे, आज विचारू. रोज तू पाय चेपायला सांगायचीस आणि राहून जायचं. मग एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर गाळायला तू नव्हतीस.

काल तुझ्या सुनेला गाठलं. बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी आडूनआडून विचारलं, "सासूबाई माझ्याबद्दल काय बोलायच्या गं कधी?"

ती म्हणाली, "मी त्येंला म्हटलं होतं, जिवाणी सोडायला आक्का कशाला, त्या मासं खाणाऱ्या, शिवाय चावडीवर त्येंचंच नाव निघालं होतं म्हणतात. तर माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, त्या बाईला संशय आला तर ती तोंडावर विचारती. मी नवी आलो तवाच घाटावर विचारलं तिनं. मागनं बोलणाऱ्यातली ती न्हवं."

मी ऐकलं आणि घरी आले. आणि मला ओळखतेस ना तू? उंबऱ्यावर बसले आणि शंका आली. पोर गोड बोलणारी आहे. म्हातारीला बरं वाटावं म्हणून रचलं असंल. निपाणीची माणसं बोलण्यात तयार.

पण मग तांब्याकडं लक्ष गेलं. तो तिनं रचलेला नव्हता. माझ्या कोनाड्यात होता, दोरीसकट. ज्या कामापायी तुझं घर उठायला आलं होतं, ते काम तू माझ्या हातात दिलंस. आणि घाटावरचा तो पहिला दिवस, माझा तो फटकळ प्रश्न, तो तू एवढी वर्षं जपून ठेवलास, हे त्या पोरीला कुठनं ठाऊक असणार? ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

शेवटच्या दिवशी तू गाळलेलं कापड तसंच भगुण्यात पाण्यात बुडवून ठेवलेलं होतं. सगळ्या रडारडीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझं गेलं होतं, ते घरी आणून झाकून ठेवलं होतं. आज पहाटे ते तांब्यात उतरवून घाटावर नेलं. दोरी खालपर्यंत सोडली. पाण्याचा रंग काताचा आहे, पण काठानं जरा उतरलाय. दोन सालं पानं उचलली म्हणून असंल, नसंलही. एक बुडालेली पायरी मला दिसली असं वाटलं. डोळ्यांवर माझा तेवढा विश्वास नाही.

मागनं बाबूची नवी नातसून आली. घागर कमरेवर, कपाळाला आठी. घागर खाली ठेवली आणि म्हणाली,

"आज्जे, काय सोडतीस पाण्यात?"

मला तिचा राग आला नाही. तोंडावर विचारलं तिनं.

"खाली ये," मी म्हणाले. "दाखवतो तुला."